खोट्या सुनेचा ओवसा

साठ-एकसष्टची गोष्ट. मी हिरामण, राहणार ऐरोली, माझगावला तयार कपड्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर. डोकं तापट आणि त्यात फारसं काही नाही, हे आईचं मत. तेव्हा मला ते मान्य नव्हतं.

आईनं चांगदेवमामाला शब्द दिला होता, हिरामणला तुझी सखूच करीन. सखूला ती शेंबडी असल्यापासून मी ओळखत होतो. दर सुटीला तोच विषय. जेवताना, पान लावताना, अगदी मी अंगावर पाणी घेत असतानासुद्धा. शिमग्याला माझं डोकं फिरलं. मुंबईला परतल्यावर पत्र टाकून दिलं: मी रजिस्टर लग्न केलंय, मुलगी आपल्याच आगऱ्यांतली, मूळची खारघरची, मुंबईत मावशीकडे राहते, नाव सरस्वती. ऐनवेळी दुसरी मुलगी सुचेना, म्हणून स्टोअरच्या दारातून दिसणाऱ्या, काजं-बटणं करणाऱ्या पोरीचंच गाव-नाव लिहून टाकलं.

माझा बेत पक्का होता. नव्या सुनेनं माहेरची नवी सुपं फळापानांनी भरून गौरीपुढे ओवाळायची, तो तिचा ओवसा. तो झाला की ती घरची झाली. पण पहिला ओवसा गौरी पूर्वा नक्षत्रावर आल्या तरच होतो, आणि कारखान्यातला एक जण छातीठोकपणे म्हणाला होता, यंदा पूर्वा नाही. म्हणजे सून बघायची आईला घाई नाही. दोन-तीन वर्षांत काहीतरी होईल. काय होईल, ते मी ठरवलं नव्हतं.

श्रावणात आईचं पत्र आलं. गौरी यंदा पूर्वावरच होत्या. सुनेला घेऊन ये, साऱ्या आळीला आवतण दिलंय.

शेवटी सरस्वतीला गाठलं आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

“किती दिवस?”

“दोन.”

“बरं,” म्हणाली आणि पुढचं काज घेतलं. इतक्या पटकन हो कशी म्हणाली, हे विचारायला हवं होतं. मी तिला रजेचा अर्ज कसा लिहायचा ते शिकवत बसलो.

निघायच्या दिवशी ती गळ्यात काळी पोत घालून आणि पाच कोरी सुपं घेऊन आली. सुपांना तिनं स्वतः सूत गुंडाळलं होतं. मुलुंडच्या बाजूनं होडीत बसलो, तर सुपं मांडीवर सांभाळत ती खाडीकडे बघत होती. मावशीला काय सांगितलंस विचारलं, तर म्हणाली, “कारखान्याची सहल.”

घरी दारातच चांगदेवमामा उभा. मी मार खायच्या तयारीत होतो. त्यानं मला मिठीच मारली.

“बरा सुटलो रं! सखूचं कामोठ्याला जमलंय. तुजे आयसला कसा सांगू, म्हनून मीच त्वांड चुकवीत व्हतो.”

म्हणजे मी खोटं बोललो नसतो तरी चाललं असतं! मी सरस्वतीला विहिरीपाशी गाठलं. म्हटलं, आता गरज नाही, काहीतरी कारण काढून उद्या सकाळीच परत जाऊ.

“तुमची गरज संपली आसंल,” ती म्हणाली. “आयनी माज्यासाठी घावनं केल्यान.”

घावनांचा इथं काय संबंध, मला कळेना. ती ताट घ्यायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर बायकांनी भरलं. आईनं स्वतःच्या गळ्यातली बोरमाळ काढून सरस्वतीच्या गळ्यात घातली. सरस्वतीनं पहिलं सूप उचललं, गौरीसमोर धरलं आणि तशीच थांबली. मग सूप खाली ठेवलं.

“आय, मी तुमची सून नाय. लगीन झालेलंच नाय. गौरीम्होरं खोटं कराला माजं हात उचलत नाय.”

तिनं बोरमाळ काढून आईच्या हातात दिली. आईनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. साऱ्या आळीदेखत आईचा चेहरा पडला, आणि तो मीच पाडला होता. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही.

मग आईनं सुपांकडे बघून विचारलं, “सुपं कुनी आनली?”

“मी.”

“ह्याच्या सांगन्यावरनं?”

“नाय. सुपांचं त्यांच्या ध्यानात पन नवतं.”

बायका हसल्या. आई हसली नाही. तिनं पाचही सुपं उचलून गौरीच्या बाजूला ठेवली आणि आत निघून गेली.

आम्ही बंदरावर आलो तर ओहोटी. होडी चिखलात बसलेली, पाणी चढेपर्यंत थांबणं भाग होतं. माझा राग उफाळला.

“कालच म्हणत होतो परत जाऊ! केवढा घोळ घातलास!”

“घोळ मी घातला?” ती माझ्याकडे वळली. “मना तुमी आवडता. दोन वर्सं झाली. तुमी दोन दिवस मागितलं, मी म्हनलं, दोन त दोन. पन सूप हातात घेतल्यावर वाटलं, ह्यो ओवसा खोटा झाला त खरा कवाच व्हनार नाय.”

राग कुठं गेला कळेना. सोमवारी ही पुन्हा दारातून नुसती दिसणार आणि मला साहेब म्हणणार, हे मात्र मला चालणार नव्हतं. ती मला हवी होती. मला हे कळायला ओहोटी लागावी, म्हणजे आईचं मत बरोबरच होतं.

“मावशीला भेटायला येऊ? रविवारी?”

“तुमी नको. आयला पाठवा. तुमी आलात की काय तरी तिसरंच व्हतं.”

तेवढ्यात बांधावरून आई येताना दिसली. हातात फडक्यात बांधलेली घावनं. माझ्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. गाठोडं सरस्वतीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “तुजे मावशीचा पत्ता सांग.”

सरस्वतीनं चाळीचं नाव, मजला, खोली, सगळं सांगितलं. आईनं ते दोनदा म्हणून पाठ केलं. मी तो पत्ता पहिल्यांदाच ऐकत होतो.