औषधात न धरलेली गोळी

शिंप्याला ताप आला की सगळ्या घराला ताप. पायाच्या जखमेत पू झाल्यापासून त्याने बायकोच्या नाकी नऊ आणले होते. पाणी दे, आता नको. पंखा लाव, बंद कर. जेवायचं म्हटलं की भिंतीकडे तोंड. त्यात गिऱ्हाइकांचे कपडे तुंबलेले. काज-बटणं करकरून तिच्या कमरेचा काटा ढिला झाला होता.

दुसरं काही औषध चालू आहे का, असं दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं. शिंपी ठणकावून नाही म्हणाला आणि तिनेही मान हलवली. खोटं कुणीच बोललं नव्हतं. मधुमेहाची गोळी इतकी वर्षं पोटात जात होती की ती औषधात धरायची असते हे दोघांच्या ध्यानातच आलं नाही. सकाळच्या चहाला कोणी औषध म्हणतं का? डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक ती वेळेवर देत होती, साखरेची गोळीही न चुकता. अन्न जात नसलं तरी औषधांत हयगय नाही, एवढंच तिला समाधान.

त्या दुपारी तो भलतंच बरळू लागला. कात्री मागितली आणि हातात दिली तर विचारतो, ही कुणाची? ती वैतागून गेली. मग तो गप्प झाला आणि तिला हायसं वाटलं. झोपला एकदाचा. भिंतीला पाठ टेकून तिने निवांतपणे एका कोटाची सगळी बटणं लावली.

मग पांघरूण सारखं करायला गेली तर सदरा घामाने चिंब, अंग गार, बोटं थरथरतायत. तिने साखर मोजायचं यंत्र काढलं. या घरात भीती वाटायची ती वर गेलेल्या आकड्याची. इतका खाली आलेला तिने कधी पाहिला नव्हता. डॉक्टर फोनवर म्हणाले, गिळता येत असेल तर बसवून साखरपाणी पाजा आणि लगेच घेऊन या. त्याला छातीशी धरून तिने घोटघोट पाजलं.

डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. काही अँटिबायोटिकं मधुमेहाच्या गोळीचा जोर वाढवतात, त्यात पोट रिकामं, मग साखर तळाला जाते, असं त्यांनी समजावलं. त्यांनी औषध बदललं आणि त्याला तिथेच ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शिंप्याची कुरकुर पुन्हा सुरू झाली. "काय गाढ झोप लागली होती. उठवलंस कशाला?"

"तुम्ही गप्प झालात ना, तेव्हा मला बरं वाटलं," ती म्हणाली. "सुटले, असं वाटलं. म्हणून बघायला उशीर केला मी."

त्याने खाटेवर सरकून जागा केली.

"पड जरा. मी जागा आहे."

ती आडवी झाली. तो अडलेल्या कपड्यांबद्दल, तोंडाळ गिऱ्हाइकांबद्दल काहीबाही बोलत होता. बोलता बोलता थांबला, तशी ती ताडकन उठून बसली.

"बोलत राहा," ती म्हणाली.