चार नंबरची बाटली

"आत बुडबुडा गेला असेल, बाबा."

मी बाटली खिडकीच्या उजेडात धरली होती. चार नंबरची बाटली. कारखान्याचं सांडपाणी जिथे तळ्यात पडतं, त्या तोंडासमोरची. नमुने आणायचे माझ्या वडिलांनी, तपासायचे मी. पाणी भरल्याबरोबर त्यात दोन औषधं घालायची आणि बूच लावायचं. पाण्यात प्राणवायू असला तर गाळ तपकिरी होतो, नसला तर पांढरा. पण बाहेरच्या हवेचा एक बुडबुडा आत शिरला, तरी बाटली खोटं बोलते.

चार नंबरचा गाळ सव्वीस वर्षं पांढरा होता. त्या दिवशी तपकिरी दिसला.

"माझ्या हातून बुडबुडा?" बाबा म्हणाले. "बरं मॅडम. तुमचा शेरा." प्रयोगशाळेत मी मॅडम, घरी चिमणे.

मी वहीत लाल शाईने लिहिलं : नमुना सदोष, पुन्हा घ्यावा.

त्यांच्या याच बाटल्यांवर कारखान्याच्या वकिलाने कोर्टात तोंडसुख घेतलं होतं. न्यायाधीशांनी सगळ्या वह्या मागवल्या, वाचल्या आणि कारखान्याला शुद्धीकरण यंत्रणा बसवायला लावली. कोर्टाने जो हात मानला, तो मी मानला नाही.

संध्याकाळी बाबांनी माझ्या चष्म्याची निखळलेली काडी बसवून दिली. "आता तरी नीट दिसेल," म्हणाले आणि स्वतःच हसले. पहाटे पाचला त्यांचा गजर वाजत राहिला. तो बंद करायला ते उठले नाहीत.

पंधरा दिवसांनी मी स्वतः होडीत बसले. नावाडी तोच, त्यांचा जुना सोबती.

"जन्मात दारूच्या थेंबाला शिवला नाही माणूस, आणि नाव काय पडलं, तर बाटलीमास्तर," वल्हं मारत तो म्हणाला. "त्या दिवशी तीनदा भरून ओतली. म्हटलं, मास्तर, ऊन चढलं, चला की. तर म्हणाले, गप बस, आज श्वाससुद्धा जपून घे."

होडी थांबली. मी रबरी नळी बाटलीच्या तळाशी टेकवली आणि पाणी ओसंडू दिलं. पहिल्या बाटलीत बुडबुडा अडकला. दुसरीतही.

"तुझा हात अजून कच्चा आहे, पोरी," नावाडी म्हणाला.

तिसरी भरली. औषधं सोडली, बूच तिरकं सरकवत बसवलं, बाटली उलटी केली. बुडबुडा नव्हता. आणि आत ढग उठला, दाट, तपकिरी, बाटलीभर.

"आलं?" नावाडी उभाच राहिला. होडी डुलली. "अगं, आलं का?"

"आलं काका! जिवंत आहे पाणी!"

त्याने वल्हं पाण्यावर आपटलं. दोघेही चिंब भिजलो आणि वेड्यासारखे हसत सुटलो.

मग मी वही उघडली आणि तो लाल शेरा खोडून खाली सही केली. मनात म्हणून भागणार नव्हतं.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "बुडबुडा नव्हता. चूक माझी होती."