कडूपाल्याची चौकशी

"हे घे. तुझ्या मशीनला विचार, माझ्या कडूपाल्यात काय काय आहे ते," म्हणत आत्याने पुडीची बरणी भाच्याच्या टेबलावर आपटली.

भाच्याला प्रयोगशाळेत सगळे भस्म्या म्हणत. औषधी झाडपाला भट्टीत जाळायचा आणि राखेत कोणते धातू आहेत ते मशीनकडून वदवून घ्यायचं, हे त्याचं काम. पिढ्यान्‌पिढ्या माणसं बऱ्या करणाऱ्या वनस्पती त्याच्याकडे येत आणि चिमूटभर राख होऊन जात. तक्रार एकीनेही केली नव्हती.

"मशीन कशाला? गल्लीला खोकला झाला की गल्ली तुझ्याच दारात येते ना?"

"येते रे. पण समोरची नवी डॉक्टरीण म्हणते, आजी, पुरावा आहे का? म्हटलं, भाचा आहे."

आधी त्याने जांभळं द्रावण घेतलं. पाल्यात अँटिऑक्सिडंट असले की जांभळा रंग उडतो. इथे तो असा उडाला, की आपण कधी जांभळे होतो हे बाटलीलाही आठवेना. आत्याला कॉलर असती तर तिने ताठ केली असती.

मग राखेची पाळी आली. मशीनने शिसं दाखवलं. थोडंथोडकं नाही. भस्म्याने पुन्हा लावून पाहिलं; मशीन शब्दाला पक्कं निघालं.

"शिसं म्हणजे पेन्सिलीतलं?"

"ते वेगळं. हे विष. झाड जमिनीतून ओढून घेतं. कुणाला देऊ नकोस आता."

"बरं."

चहात साखर कमी पडली तरी तासभर भांडणारी बाई नुसती 'बरं' म्हणाली. त्याच संध्याकाळी तिने परसातलं झाड मुळासकट उपटून जाळलं आणि दारोदार फिरून पुड्या परत मागितल्या. गल्लीने पुड्या इमानाने परत केल्या, खोकला ठेवून घेतला. त्यानंतर आत्याच्या दाराची कडी कुणी वाजवली नाही.

दोन महिन्यांनी एका रविवारी भस्म्या तिच्याकडे गेला. ती चहासाठी आलं कुटत होती.

"येत जा रे. हल्ली भिंतीशी बोलते मी. तीही हूं म्हणत नाही."

बोलता बोलता तिने खल कलता केला आणि पितळेच्या बुडाशी एक रुपेरी ठिपका चमकला. मागे खलाला चीर गेली होती. भस्म्यानेच ती डाख देऊन सांधली होती, प्रयोगशाळेतल्या वायरी जोडायच्या डाखाने. त्यात निम्मं शिसं असतं. घरात दुरुस्तीला हक्काचा माणूस आहे, असं आत्याने गल्लीभर सांगितलं होतं.

"आत्या, ती पूड कशात कुटलेली?"

"कशात म्हणजे? यातच. तू सांधून दिलेल्या."

नमुना कोणत्या भांड्यात कुटला ते आधी सांगा, असं तो प्रत्येक नव्या विद्यार्थ्यावर ओरडायचा. आत्याला विचारायचं राहिलं होतं. आत्या म्हणजे काही नमुना नव्हे.

त्याने सगळं सांगितलं. आत्याने बत्ता खाली ठेवला, कुटलेलं आलं मोरीत टाकलं.

"म्हणजे गल्लीला मी हेच चारलं?"

"तू नाही. मी. सगळ्यांना रक्त तपासून घ्यायला मीच सांगतो, आजच."

"आणि पाला? तो चांगला होता?"

"असेल. पण कुटलेल्या पुडीवरून नाही कळणार. पान लागेल."

दोघं परसात गेली. झाडाच्या जागी खड्डा होता. आत्या गुडघे धरत खाली बसली, भस्म्या तिच्याशेजारी. दोघांनी भिंतीच्या कडेची माती चाचपली, विटा उलटवल्या, पन्हळीखाली हात घातला. पलीकडच्या घरात कुणीतरी खोकत होतं.

"हे बघ," आत्या म्हणाली. पन्हळीखालून तिने एक पान काढलं, सुकलेलं, अर्धं कुरतडलेलं. फुंकर मारून, बोटाने माती पुसून तिने ते त्याच्या तळहातावर ठेवलं.

"एवढ्यात होईल का रे?"

मशीनला ओंजळभर पाला लागतो.

"होईल की," भस्म्या म्हणाला, आणि पान मोडणार नाही अशा बेताने त्याने मूठ मिटली.