सगळे बोलतात तो गेम

केशवराव राजाचं पत्र वाचत होते आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर नकाशा होता.

झालं असं, की मी पत्र उघडायला गेले आणि माझं बोट भलतीकडंच पडलं. डोंगर, नद्या, किल्ले असा सगळा मुलूख समोर पसरला. मी तो मिटणार, तेवढ्यात केशवरावांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि सुरुवात केली. "शूर वीरांनो, राज्य तुमचं ऋणी आहे. राक्षस मेला, प्रजा सुखी झाली. आता घरी जाऊन विश्रांती घ्या." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "संपला मालनबाई गेम आपला."

"लई झाक लिहिलंय की वो राजानं," मी म्हणाले.

"भाषा जरा सरकारी आहे. पण ठीक."

मी गुपचूप नकाशा मिटला आणि चहा टाकायला उठले.

मी मालन, एसटीची रिटायर कंडक्टर. सगळी नोकरी पैठणच्या गाडीत गेली, त्यामुळं आवाज मोठा आणि तोंड फटकळ. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा माझी पोरगी मेघा आपला जुना कॉम्प्युटर गारखेड्याच्या घरात माझ्यापुढं ठेवून पुण्याला नोकरीवर गेली. त्यात एक गेम होता. तलवारी, जादूटोणा, राक्षस, आणि गावोगावच्या लोकांची अडलेली कामं करत फिरायचं. मला तर वेडच लागलं. पण सगळा कारभार इंग्रजीत, आणि इंग्रजीचं न् माझं कधी जमलं नाही. शेजारचे केशवराव तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. एकदा आमटीची वाटी घेऊन आले, पडद्यावरचं वाचून दाखवलं, आणि तेव्हापासून रोज दुपारच्या चहाला आमच्याकडं. माउस माझा, इंग्रजी त्यांचं.

हा माणूस गेममधली एक ओळ सोडायचा नाही. राक्षस अंगावर येतोय आणि हे भिंतीवरचा लेख वाचतायत. "केशवराव, मरायलोत आपण!" मी ओरडायचे. "थांबा हो, खाली टीप आहे," हे म्हणायचे. असा माणूस राजाचं शेवटचं पत्र तीन वाक्यांत उरकतो, तेही समोर नसलेलं!

स्टँडवर अशी माणसं रोज भेटायची. पाटीसमोर उभी राहायची, वाचल्यासारखं करायची आणि मग सहज विचारावं तसं म्हणायची, "पैठणच ना ही?" त्यांना "वर लिहिलंय, दिसत नाय का?" असं खेकसणारे कंडक्टर होते. मला त्यांचा भयंकर राग यायचा. मी आपली दारात उभी राहून साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडायचे, "बिडकीन, ढोरकीन, पैठण!" म्हणजे कुणावर विचारायची वेळच यायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशवरावांच्या बायकोला, दमयंतीवहिनींना गाठलं. केशवराव अंघोळीला गेले होते आणि वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या.

"वहिनी, केशवरावांच्या डोळ्यांचं काय चाललंय?"

त्यांचा हात थांबला. "तुम्हाला कळलं?"

"मी काय आंधळी हाय का?" बोलून गेले आणि जीभ चावली.

वहिनींनी सगळं सांगितलं. शुगरनं डोळ्याचा पडदा खाल्लाय. इंजेक्शनं घेऊन झाली. माणूस दिसतो, उजेड दिसतो, अक्षर लागत नाही, आणि पुढंही लागणार नाही असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. "सकाळी पेपर उघडून बसतात, मी काही बोलत नाही," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याकडे यायचं म्हटलं की तेवढे खुलायचे. काल येऊन म्हणाले, बरं झालं गेम संपला. मला वाचता येत नाही, मग तिथे माझं काम काय?"

वहिनी रडायच्या बेतात होत्या. मला रडू आलं नाही, संताप आला. कुणाचा, ते मला अजून सांगता येत नाही.

घरी येऊन मेघाला फोन लावला.

"आई, मीटिंगमध्ये आहे गं."

"मीटिंग ऱ्हाऊ दे. मला नवा गेम पायजे. तसलाच, तलवारीचा. पण त्यात प्रत्येक माणूस तोंडानं बोलला पायजे. राजा, शिपाई, भिकारी, समदे. आणि लढाईत पाळीपाळीनं मारायचं. आपला इचार पक्का होईस्तोवर राक्षसानं गप उभं ऱ्हायचं."

मेघा हसायला लागली. "आहे तसा एक. पण सगळे तो दुसरा खेळतायत गं. घोडा घेऊन पाहिजे तिकडं जायचं. काय डोंगर, काय सूर्यास्त! तूच म्हणाली होतीस ना, पुढचा घोड्याचा घेऊ म्हणून?"

म्हणाले होते. चित्रंसुद्धा बघून ठेवली होती. जन्मभर एकाच रस्त्यानं गेलेल्या बाईला पाहिजे तिकडं जाणारा घोडा किती हवाहवासा वाटतो, ते पोरीला काय सांगू? "नाय," म्हणाले. "बोलणाराच धाड."

तिनं पुण्यात बसूनच तो माझ्या कॉम्प्युटरमध्ये घालायला घेतला. एवढं मोठं प्रकरण उतरायला दोन दिवस लागले. तोवर केशवराव फिरकलेसुद्धा नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र मी कंपाउंडवरून हाक दिली. "केशवराव, चहा निवायलाय!"

आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखे टेकले. "मालनबाई, आता तुम्ही घोड्यांचाच घ्या. त्यात वाचायचं फारसं नसतं म्हणे. तुम्हाला एकटीला सहज जमेल. मला जरा कामं निघाली आहेत."

"कसली वो कामं?"

"आहेत."

"घोडाबिडा नगं मला. पडले तर गुडघा पुन्हा जायचा," मी म्हणाले. "आणि मनगट लई दुखतंय, भराभरा बटणं दाबणं व्हत नाय. म्हणून पाळीपाळीचा आणलाय. पण ह्यातली माणसं नुस्ती बडबडायलीत, इंग्रजीत. मला त्यातलं कायबी कळंना. तुमच्याबिगर कुणाला इचारू?"

मनगटाला काही झालेलं नव्हतं. मी गेम सुरू करून टाकला.

एक म्हातारी आली आणि हात जोडून बोलायला लागली. बराच वेळ बोलली. केशवराव आधी भिंतीकडं बघत होते. मग खुर्चीत मागं सरकून नीट बसले.

"पुन्हा लावा."

लावलं. त्यांनी मान तिरकी करून सगळं ऐकलं. "मुलगा जंगलात हरवलाय म्हणते. शोधून आणा म्हणते. खोटं बोलतेय."

"आता काहून?"

"मुलगा हरवला त्याचं एका वाक्यात उरकलं, आणि वाट मात्र खुणांसकट सांगितली. हरवलेल्याची आई असं बोलत नाही. अहो, जन्मभर अर्जदार ऐकलेत मी! खऱ्याचा आवाज मध्येच अडकतो."

मला तर म्हातारी गरीब वाटली होती. पुढं एका शिपायाला विचारलं. तो बोलला आणि केशवरावांनी मांडीवर थाप मारली. म्हातारीला मुलगाच नव्हता. "बघा! आपल्याला जंगलात पाठवून लुटणार होती बया," ते म्हणाले. त्या खणखणीत आवाजात मला त्यांचं जुनं ऑफिस दिसलं. मी इतकी खूश झाले, की मनगट दुखत असल्याचं विसरून टाळी दिली.

मग चौरस्ता आला. तिथं कुणी माणूस नव्हता, नुसती लाकडी पाटी होती आणि तिच्यावर अक्षरं. गेम गप्प. केशवरावांचा हात हळूहळू चष्म्याकडं गेला.

मी उठून उभी राहिले. पाटी मलाही वाचता येत नव्हती, पण वाटा दिसत होत्या ना! स्टँडवर द्यायचे तशी आरोळी ठोकली. "डावीकडं पूल! उजवीकडं जंगल! समोर पडका किल्ला, दारात दोन भालेवाले! चला बोला, कुठं जायचं?"

शेजारून दमयंतीवहिनींनी घाबरून विचारलं, "काय झालं हो?"

"काय नाय! गाडी लागलीय!" मी म्हणाले.

केशवराव खुर्चीत पुढं सरकले. मला वाटलं, चुकलंच माझं. आता उठून जातात.

"मालनबाई," ते सावकाश म्हणाले, "आवाज जरा कमी केलात तरी चालेल. कान शाबूत आहेत माझे."

"बरं," मी म्हणाले. खाली बसून माउस हातात घेतला.

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही. मिटून पेनाशेजारी खिशात ठेवला आणि म्हणाले, "पुलावरून घ्या."