बस न येणारा थांबा

ज्याचा विषय निघेल त्याने उठून बाहेर जायचं, हा लिटल वेनिंग या इंग्लिश खेड्याच्या पॅरिश कौन्सिलमधला, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीतला नियम विल्फ गार्बेटने कधी कुणासाठी वाकवला नव्हता. टेड गिटिन्सच्या शेताच्या कुंपणाचा विषय आला, टेड बाहेर. डॅफ्नी बेडोजच्या भाच्याला तळ्याकाठी शेड घालायची होती, डॅफ्नी बाहेर. बाहेर म्हणजे गावच्या सभागृहाच्या बोळात, कोट अडकवायच्या खुंट्यांखाली. आतली चर्चा संपेपर्यंत तिथे उभं राहायचं. दारातून आवाज येतात, शब्द येत नाहीत.

कायद्याने पैशाचा संबंध असेल तरच जावं लागतं. पण विल्फ अध्यक्ष झाला तेव्हा त्याने पहिल्याच सभेत सांगून टाकलं होतं, "माणूस काय फक्त पैशातच गुंततो? ज्याचा जीव गुंतलाय त्यानेही बाहेर जायचं." टेड तेव्हा म्हणाला होता, "मग माझ्या गाईंचा विषय काढूच नका, मला घरीच जावं लागेल." सगळे हसले आणि नियम झाला.

त्या ऑक्टोबरच्या सभेची विषयपत्रिका फळ्यावर लागली, त्यात कबरस्तानाच्या फाटकाच्या विषयाखाली एक ओळ होती. मोठ्या रस्त्यावरचा बसथांबा दुरुस्त करणे किंवा पाडणे.

थांबा विटांचा होता आणि तो विल्फनेच बांधलेला. तो गवंडी होता. कौन्सिलने काम दिलं तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि एनिड दुपारी डब्यात पाव आणि चीज घेऊन यायची, अर्धवट भिंतीवर बसून त्याची चेष्टा करायची. "ही भिंत वाकडी आहे." "तू वाकडी बसली आहेस." असं त्यांचं चालायचं.

पुढे गावातली माणसं गाड्या घेऊन फिरू लागली, बस रिकामी धावू लागली आणि एक दिवस बंदच झाली. थांबा तसाच राहिला. त्याच्याकडे कोणी बघेना. मग एनिडची आठवण जायला लागली.

एका दुपारी विल्फ परसातून घरात आला तर ती नव्हती. तिचा चांगला निळा कोट नव्हता, हातातली पिशवी नव्हती. तो ओढ्यापर्यंत धावत गेला, चर्चमध्ये बघून आला, आणि शेवटी ती थांब्यात सापडली. गुडघे जुळवून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

"बसला उशीर झालाय आज," ती म्हणाली. "आई वाट बघत असेल."

तिच्या आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. विल्फ शेजारी बसला. बऱ्याच वेळाने ती आपणहून उठली. "उद्या जाऊ मग," म्हणाली, आणि मुकाट त्याच्या हाताला धरून घरी आली.

तेव्हापासून रोज चहा झाला की ती कोट घालून माहेरी निघायची. आणि विल्फने तिला कधी अडवलं नाही. बस येणारच नव्हती, म्हणून ती कुठे हरवणारही नव्हती. गावात तेवढी एकच जागा अशी होती जिथे तिच्या जिवाला स्वस्थता मिळायची.

गावाने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण उचलून धरलं. जाणारा येणारा घटकाभर तिच्याजवळ टेकायचा. टेड शेणाच्या बुटांनिशी बसायचा. डॅफ्नी कुत्र्याला घेऊन यायची. लंडनहून निवृत्त होऊन आलेला ज्युलियन क्रेन, ज्याला गाव अजून 'नवा माणूस' म्हणत होतं, तो वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन यायचा आणि एनिड त्याला मनाला येतील ती उत्तरं सांगायची. सगळे बसताना एकच विचारायचे, "आज उशीर झालाय वाटतं बसला?"

"येईलच," ती म्हणायची.

फेब्रुवारीत एनिड गेली.

त्यानंतर विल्फ त्या रस्त्याने कुणाला दिसला नाही. दुकानात जायचं तर तो चर्चमागच्या चिखलाच्या वाटेने वळसा घालून जायचा. लोकांनी ते पाहिलं आणि आपसात मान हलवली. पण रोज उजाडायच्या सुमाराला, गाव जागं व्हायच्या आत, तो थर्मासमध्ये चहा घेऊन थांब्यात येऊन बसतो, हे कुणाला ठाऊक नव्हतं. दिवसाढवळ्या बसावं तर कोणी तरी शेजारी येऊन टेकणार, आपल्या तोंडाकडे बघणार, आणि मग आपल्याला रडू येणार. तो भिडस्त माणूस होता. त्याला ते जमलं नसतं.

सुगीत धान्याचा एक ट्रेलर मागे घेताना थांब्याच्या कोपऱ्यावर आदळला. भिंत तडकली, छपराच्या दगडी पाट्या पडल्या. विल्फच्या दृष्टीने ते काम काहीच नव्हतं. त्याने घरामागच्या शेडमध्ये वाळू चाळून ठेवली, चुना भिजवला, कुठून तरी तशाच जुन्या पाट्या मिळवून रचून ठेवल्या. मात्र तोंडातून शब्द काढला नाही. अध्यक्षाने सभेआधी कुणाच्या कानाला लागायचं नसतं.

सभेच्या संध्याकाळी फाटकाचा विषय संपला आणि कौन्सिलच्या चिटणीस ग्वेंडा प्रॉबर्टबाईंनी पुढची ओळ वाचली. विल्फ खुर्ची मागे सारून उभा राहिला.

"या विषयात माझा जीव गुंतलाय. मी बाहेर जातो. डॅफ्नी, तू सभा चालव."

"अहो विल्फ, कायद्याने तसं काही लागत नाही," ग्वेंडाबाई म्हणाल्या.

"बस रे खाली," टेड म्हणाला. "आम्हाला काय माहीत नाही का?"

"तुझ्या कुंपणाच्या वेळी तुला घालवलं होतं ना?"

"घालवलं होतं. आणि मला सर्दी झाली होती."

ज्युलियनने चष्मा सारखा केला. "जाण्याआधी तीन मिनिटं बोलायचा हक्क आहे तुम्हाला, विल्फ. तोही नियमच आहे."

चौघंही त्याच्याकडे बघायला लागली. विल्फने आठवडाभर मनात वाक्यं जुळवली होती. तो थांबा राहू द्या, मीच दुरुस्त करतो, मला तिथे बसायला आवडतं. एवढंच बोलायचं होतं. पण स्वतःसाठी काही मागायला तो कधी शिकलाच नव्हता. आणि त्याला वाटलं, हे चौघं तर तिच्याजवळ बसलेले आहेत. यांना काय सांगायचं?

"माझा विचार करू नका," तो म्हणाला. "जे योग्य वाटेल ते करा."

आणि तो बाहेर गेला.

बोळात ओल्या कोटांचा वास होता. कितीतरी जणांना त्याने इथे उभं केलं होतं, पण स्वतः पहिल्यांदाच उभा होता. आतून डॅफ्नीचा हळू आवाज येत होता. मग टेडचा, जरा चढा. मग पुन्हा डॅफ्नीचा. मग कोणीच बोलेना. फार वेळ लागला नाही, आणि विल्फला त्याचं बरं वाटलं. भांडण नाही म्हणजे ठरलं. उद्या सकाळी आधी तडकलेला कोपरा उतरवून नव्याने बांधायला घ्यायचा, असा त्याने हिशेबही करून टाकला.

दार उघडून ग्वेंडाबाईंनी त्याला आत बोलावलं. त्यांचे डोळे लाल होते.

"एकमताने ठरलं, विल्फ," डॅफ्नी म्हणाली. "थांबा पाडायचा."

विल्फ खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"खर्चाचं कारण नाही हं," ती घाईने म्हणाली. "ते आम्ही बोललोसुद्धा नाही. तू त्या चिखलातून वळसा घालून दुकानात जातोस, ते सगळ्या गावाला दिसतं रे. ती रिकामी जागा रोज डोळ्यांपुढे नको. तुला स्वतःच्या तोंडाने ते मागता आलं नसतं, म्हणून आम्हीच ठरवलं."

"मी आधी म्हणत होतो राहू दे," टेड खाली बघत म्हणाला. "पण मग मलाही पटलं. तुझ्या जिवापेक्षा विटा जास्त आहेत का?"

ज्युलियनने फक्त हात पुढे करून विल्फच्या बाहीला स्पर्श केला. त्या गावात तेवढंही खूप होतं.

एक वाक्य बोललं असतं तर झालं असतं. पण झालेला ठराव सहा महिने पुन्हा काढायचा नाही, हाही तिथला नियम होता. आणि नियम राहू दे एकीकडे, त्या चौघांच्या चेहऱ्यांकडे बघून त्याची जीभ उचलेना. लहान मुलांनी घरी केलेली भेटवस्तू हातात ठेवावी आणि बघत राहावं, तसे ते बघत होते.

"आभारी आहे," विल्फ म्हणाला आणि खाली बसला. "पुढचा विषय घ्या."

पुढचा विषय खेळाच्या मैदानावरच्या कुत्र्यांच्या घाणीचा होता. त्यावर बराच वाद झाला.

सभा उठताना त्याने एकच मागितलं. "ठेकेदार नको. मी बांधलाय, मीच उतरवतो." ते सगळ्यांना योग्यच वाटलं. हाताला काम मिळालं की मन मोकळं होईल, असं डॅफ्नी घरी जाताना म्हणाली.

विल्फने घण घातला नाही. पाट्या काढल्या, वासे सोडवले, आणि वरून एक एक थर छिन्नीने उतरवत आला. जुना चुना हलक्या हाताने सुटत होता. प्रत्येक वीट घासून तो रस्त्याकडेला रचत होता. जाणारे येणारे दुरूनच हात हलवायचे आणि लांबून जायचे. त्याला एकटं राहू द्यावं म्हणून.

मागच्या भिंतीवर, बाकाच्या वर, डोकं टेकेल एवढ्या उंचीवर विटा काळसर आणि गुळगुळीत झाल्या होत्या. ती भिंत त्याने शेवटी ठेवली. मग तीही उतरवली.

टेड ट्रॅक्टर घेऊन विटा न्यायला आला. दोघांनी भरल्या, आणि त्या विल्फच्या परसात नेऊन टाकायचं ठरलं. टेडने जागा करायला म्हणून शेडचं दार उघडलं आणि तो तिथेच थांबला. चाळलेली वाळू. झाकून ठेवलेला चुना. भिंतीला टेकवून रचलेल्या पाट्या, थांब्यावरच्याच जातीच्या.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"वाळू."

"वाळू मला दिसते. कशासाठी?"

विल्फ विटा उतरवत राहिला.

"हे दुरुस्तीचं सामान आहे," टेड म्हणाला. "विल्फ, तुला तो ठेवायचा होता?"

"चल, बाक आणायचं राहिलंय."

"अरे, पण मग तोंडाने बोलायला काय झालं होतं तुला? तीन मिनिटं दिली होती की!"

"तुम्ही सगळे तिच्याजवळ बसायचात," विल्फ म्हणाला. "मला वाटलं, सांगायला नको."

टेडने टोपी काढली आणि परत घातली. "पुढच्या सभेत विषय काढतो मी. नियम गेला खड्ड्यात. आपण पुन्हा बांधू."

"नाही."

"का नाही?"

"डॅफ्नीला कळता कामा नये. तुझ्याशिवाय कुणालाच नाही. तिने मनापासून केलंय ते. तिला झोप लागायची नाही." मग म्हणाला, "मलाही बोलता आलं असतं. बोललो नाही."

दोघं परत गेले. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, आणि उघड्या रस्त्याच्या कडेला फक्त ते बाक राहिलं होतं. वारा सुटला होता. चहाची वेळ होऊन गेली होती. टेड बाकाच्या एका टोकाला वाकला, उचलायला, पण विल्फ दुसऱ्या टोकाला आला नाही. तो बाकावर बसला, गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून. समोरून शाळेची गाडी गेली, त्यातल्या मुलांनी बघितलं. त्याने मान फिरवली नाही.

टेड जरा वेळ उभा राहिला. मग शेजारी बसला.

"आज उशीर झालाय वाटतं बसला," तो म्हणाला.

विल्फ रस्त्याच्या वळणाकडे बघत होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायलाही त्याने हात उचलला नाही. मग तो बोलला.

"उद्या जाऊ मग."

पण दोघांतलं कोणी उठलं नाही.