कंदीलवाली कॅसेट

घाटंजीच्या बाजारात सुनीलचं टीव्ही गेमचं दुकान चाललं जेमतेम दोन हंगाम, आणि ते बंद पडलं त्याच्या बहिणीच्या, संगीताच्या लग्नापायी. निदान सुनील तरी भेटेल त्याला असंच सांगायचा. संगीताला यावर बोलायचं पुष्कळ होतं, पण तिला कुणी विचारलं नाही.

दुकान म्हणजे कापूस खरेदी केंद्राच्या रस्त्यावरची एक टिनाची खोली. आत एक रंगीत टीव्ही, दोन बाकडी, नागपुरातून आणलेला जुना टीव्ही गेम, त्याचे वायरवाले दोन रिमोट आणि बिस्किटाच्या खोक्यात भरलेल्या कॅसेटी. अशा दुकानात शाळकरी पोरं येत असतील असं कुणालाही वाटेल. तीही यायची, पण सुनीलचं खरं गिऱ्हाईक म्हणजे कापसाच्या बैलगाड्या घेऊन आलेली तरणी माणसं. गाड्यांची रांग पार बसस्टँडापर्यंत जायची. माप लवकर होत नसे, बैल सोडून ताटकळत बसावं लागे. बसून बसून माणूस तंबाखू तरी किती खाणार? मग ही मंडळी सुनीलच्या दुकानात शिरत आणि पडद्यावरच्या दुश्मनाला बुक्क्या घालत. केंद्रावर कापसाला नाक मुरडणाऱ्यांना घालता येत नव्हत्या, त्या सगळ्या इथे घालून घेत.

मारामारी, मोटारी आणि बंदुका. या तीन कॅसेटी सोडून चौथी कुणी मागत नसे. बाकीच्या खोक्याच्या तळाशी पडून असायच्या. त्यातल्याच एका करड्या कॅसेटवर स्टिकरसुद्धा नव्हता. लॉटसोबत फुकट आलेली. लावली की पडद्यावर चिनी की जपानी अक्षरं यायची आणि मग एक अंधारी गुहा दिसायची. त्यात दोन ठेंगणी माणसं. एकाच्या हातात कंदील, दुसऱ्याच्या खांद्यावर शिडी. कंदीलवाला जिथे उभा राहील तेवढाच उजेड. शिडीवाल्याने त्या उजेडात शिडी लावायची आणि दोघांनी एकेक पायरी खाली उतरत जायचं. वरून पाणी ठिबके. कंदिलावर पडलं की उजेड लहान होई. कंदीलवाला पुढे पळाला तर शिडीवाला अंधारात पडे आणि दोघांनाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

"याच्यात मारायचं कोनाले?" एका गाडीवानाने एकदा विचारलं होतं.

"कोनालेच नाई," संगीता म्हणाली.

"मंग खेळाचं कायले?" आणि त्याने रिमोट खाली ठेवला होता.

संगीता तेव्हा अकरावी-बारावीला होती. कॉलेज सकाळचं, आणि त्यांच्या बंजारा तांड्याकडे जाणारी गाडी थेट संध्याकाळी. मधला वेळ ती भावाच्या दुकानात काढायची. घरात दोघं गोरबोलीत बोलत, दुकानात मात्र गिऱ्हाइकांसारखी वऱ्हाडी. दुपारी गर्दी ओसरली की सुनील ती करडी कॅसेट काढायचा, तिच्या तोंडात फुंकर मारायचा आणि बहिणीकडे बघायचा. कंदील नेहमी संगीताकडे, शिडी सुनीलकडे. तसं ठरवलं कुणीच नव्हतं. पहिल्या दिवशी जो रिमोट ज्याच्या हाती आला, तो त्याचा झाला.

हळूहळू तिला त्यातलं मर्म कळत गेलं. कंदील घेऊन शिडीच्या अगदी जवळ उभं राहिलं तर उजेड पायापुरताच पडतो; जरा मागे सरकलं तर लांब जातो. पाणी ठिबकायच्या आधी छतावर बारीक ठिपका दिसतो. हे सगळं ती सुनीलला सांगायची नाही, नुसती त्याप्रमाणे चालायची, आणि सुनीलला आपोआप दिसू लागायचं. "ये", "थांब", "आता उतर", एवढंच बोलणं. एरवी सुनील घरात घुम्यासारखा वागायचा, बारावी नापास झाल्यापासून तर बापाशी धड बोलतही नव्हता. पण त्या गुहेत तो बहिणीवर इतका निर्धास्त असायचा की ती "उतर" म्हणाली की खाली न बघता पाय टाकायचा. तिच्या अख्ख्या आयुष्यात तिच्या शब्दावर कुणी इतकं चाललं नव्हतं.

शेवट मात्र दोघांनी कधी पाहिला नाही. जिथे थांबलं तिथून पुढे खेळायची सोयच त्या कॅसेटमध्ये नव्हती, आणि घाटंजीत भारनियमन. दोनदा ते विहिरीसारख्या एका खोल जागेपर्यंत पोचले होते. तळाशी काहीतरी चकाकत होतं. दोन्ही वेळा लाइट गेली.

"काय असंन व खाली?" सुनील काळ्या पडद्याकडे बघत म्हणाला होता.

"जाऊ ना. पळते थोडंच," संगीता म्हणाली.

दुसऱ्या हंगामात कापसाची पार दशा झाली. आधी पावसाने ओढ दिली, मग बोंडअळी आली, आणि जो हाती लागला त्याला केंद्र उघडायची वाट बघावी लागली. व्यापाऱ्यांनी गावात फिरूनच पडेल भावात कापूस उचलला. रस्त्यावर रांग लागलीच नाही. सुनील सकाळी टिनाचं दार उघडायचा आणि संध्याकाळी लावायचा. मधल्या वेळात शाळेतली दोन-चार पोरं डोकावून जात. दुकान मेलं ते तेव्हाच. संगीताने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याच उन्हाळ्यात यवतमाळजवळच्या लोहाऱ्याहून स्थळ आलं. मुलगा अमरसिंग, तिथल्या एमआयडीसीत कामाला. महिन्याचा पगार म्हटल्यावर तांड्यात सगळ्यांचे डोळे चमकले. किसनसिंगला, म्हणजे संगीताच्या बापाला, पोरगी शेतीच्या घरात द्यायचीच नव्हती. संगीताला पुढे शिकायचं होतं. तिने ते आईजवळ बोलून दाखवलं. बसंतीबाई म्हणाली, "तथी जाऊन शीक. शहराजवळ आहे."

बैठक अंगणात बसली. मुलाचा बाप डोंगरसिंग बोलायला गोड. सुपारी कातरत म्हणाला, "आमाले काही नको. पोरीच्या नावानं एक रंगीत टीव्ही असला म्हंजे झालं. तिचाच तिले कामी येईन."

किसनसिंग काडीने मातीत रेघा ओढू लागला. त्या सालात रंगीत टीव्ही आणायचा कुठून? संगीता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. आणि तेव्हा सुनील बोलला. कुणी विचारलं नव्हतं, तरी बोलला.

"दुकानातला देऊन टाकू. नवाच आहे तसा."

बापाने त्याच्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी पाहिलं असेल. डोंगरसिंगने "पोरगा समजदार आहे" म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली. संगीता ट्रे घेऊन पुढे आली, सगळ्यांना चहा दिला. सुनीलसमोर कप धरला तेव्हा त्याने वर बघितलं नाही.

लग्न झालं. टेम्पोत कपाट, भांडी, गादी आणि गादीत गुंडाळलेला टीव्ही गेला. सुनील टिनाच्या खोलीचं भाडं मिटवून मोकळा झाला आणि एका कृषी केंद्रात पोती उचलायला लागला. बहीण पहिल्या दिवाळीला माहेरी आली, तोवर त्याच्या तोंडात ते वाक्य पक्कं बसलं होतं: "इच्या लग्नापायी दुकान गेलं माहं." हसत म्हणायचा, पाहुण्यांसमोर म्हणायचा. पहिल्यांदा संगीताही हसली. दुसऱ्यांदा तिला हसू आलं नाही.

परत निघायच्या दिवशी तिने धीर करून विचारलं, "भिया, तो टीव्ही गेम इथी नुसताच पडला आहे. मी घेऊन जाऊ का? तू आला की खेळू."

सुनीलने माळ्यावरून खोकं काढलं आणि तिच्या पायाशी ठेवलं.

"ने. टीव्ही नेला, आता हे बी ने. माह्या घरी कायले ठेवतं?"

न्यावं की न न्यावं, हे तिला बसमध्ये बसेपर्यंत ठरवता आलं नाही. पण खोकं मांडीवर होतं.

लोहाऱ्याच्या घरी टीव्हीवर दिवसभर सासऱ्यांचं राज्य. पण अमरसिंगने खोकं बघितलं आणि तो खूश झाला. माणूस वाईट नव्हता. हात उगारत नव्हता, दारू पीत नव्हता. पुढल्या सुटीला त्याने कंपनीतले दोस्त बोलावले आणि दुपारभर मारामारी चालली. मग हे दर सुटीचंच झालं. संगीता पोहे करायची, चहा करायची, कप गोळा करायची. कॉलेजचं नाव तिने एकदा काढलं होतं. "पाहू पुढच्या साली," अमरसिंग म्हणाला होता, आणि तो विषय तिथेच बुडाला.

एकदा दोस्त आले नाहीत. सासरे बाभुळगावला सोयरीक बघायला गेले होते. संगीताने करडी कॅसेट लावली.

"हे खेळता का माह्यासंग? दोघाइचं आहे."

अमरसिंग बसला. तिने त्याला शिडी दिली, कसं करायचं ते समजावलं. तो थोडा वेळ खेळला. उजेड यायच्या आधीच पाय टाकायचा आणि पडायचा. पडला की हसायचा. मग म्हणाला, "तू कंदील मले दे." दिला. तो कंदील घेऊन सुसाट पुढे निघून गेला, आणि संगीताचा शिडीवाला काळोखात उभाच राहिला.

"थांबा ना! मले दिसत नाई."

"अवं, पाहून तं राह्यलो पुढं काय आहे!"

ती पडली. दोघंही पहिल्या जागी आले. अमरसिंगने रिमोट ठेवला, जांभई दिली आणि झोपायला गेला. त्याच्या मनात काहीच नव्हतं. हेच तिला जास्त लागलं.

पावसाळ्यात एके दिवशी खोकं हलकं वाटलं. आत बघितलं तर तळाच्या कॅसेटी नव्हत्या. अमरसिंग जेवत होता.

"करडी कॅसेट कुठी आहे?"

"कोनती? त्या बिनकामाच्या सगळ्या यवतमाळच्या दुकानात देल्या. बदल्यात मोटारीची आनली, नवी."

"ते माही होती."

"तू कधी खेळून राह्यली होती?"

"एकटीनं खेळता येत नाई ते."

"मंग?" अमरसिंगने खरंच न कळून विचारलं. "मंग तुले कायले पायजे होती?"

संगीताने त्याला आणखी एक पोळी वाढली.

सुनील लोहाऱ्याला आला तो दोन वर्षांनी. तोवर संगीताला मुलगी झाली होती. आल्या आल्या म्हणाला, "पुन्याकडं चाललो. कंपनीत लागून राह्यलो. म्हटलं जाता जाता भेटून जाव." वाळला होता. खांद्यावर पोत्यांचे घट्टे पडले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगी पाळण्यात झोपली होती. संगीताला इतका आनंद झाला की काय करावं, काय खाऊ घालावं, तिला सुचेना. सुनीलने टीव्हीवरून हात फिरवला, कोपऱ्यातलं खोकं ओढलं.

"ते कंदीलवाली लाव ना व. गाडीले टाइम आहे. आज तं लाइट बी आहे."

संगीता हातातला कप घेऊन उभी राहिली. नवऱ्याने बदलून टाकली, असं सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सुनील खोकं चाळत, सवयीने, हसत म्हणाला, "इच्या लग्नापायी दुकान गेलं माहं, निदान कॅसेट तरी..."

"नाई ते," ती म्हणाली. "म्याच बदलून टाकली."

"तू?"

"हाव. कोन खेळते ते? याइच्यासाठी मोटारीची आनली."

सुनीलने खोकं हळूच खाली ठेवलं. त्याचा चेहरा बघून तिला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच भीती वाटली.

"माह्या दुकानाचं तेवढंच राह्यलं होतं," तो म्हणाला. "तुले तेही सांभाळता नाई आलं."

"दुकान रांगेवर चालत होतं. रांग बंद झाली, दुकान बंद झालं. अन् टीव्ही द्याचं कोन बोललं होतं? मी बोलली होती?"

सुनीलने पाळण्याची दोरी हातात घेतली. मग पाळण्याकडे बघत म्हणाला, "चार लोकाइत बोलाचं म्हून बोललो होतो. वाटलं होतं, तू नाई म्हनशीन."

"चहाचा ट्रे हातात घेऊन?"

चहा अर्धा राहिला. मुलगी जागी झाली तसा त्याने तिच्या मुठीत एक नोट ठेवली, चप्पल घातली आणि निघाला. संगीता फाटकापर्यंत गेली. "पोचला की फोन करजो," म्हणाली. "करतो," तो म्हणाला. केला तो आईला.

खोटं बोलल्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. त्याने एका शब्दावर विश्वास ठेवला, याचं वाटलं. जो भाऊ अंधारात तिच्या शब्दावर पाय टाकायचा, त्याने हाही शब्द तसाच खरा मानला; बहीण असं करणार नाही, असं त्याला एकदाही वाटलं नाही. खरं सांगायला ती पुढे दोन-तीनदा फोनपाशी गेली. पण खरं सांगायचं म्हणजे नवऱ्याचं नाव घ्यायचं, आणि मग सुनील म्हणणार, तर मग तेव्हा खोटं कशाला बोललीस? त्याला काय सांगायचं, ते तिला शेवटपर्यंत जुळवता आलं नाही.

सुनील पुण्याकडेच राहिला. सणावाराला तांड्यात येतो, लोहाऱ्याला उतरत नाही. गाडी थांबत नाही, म्हणतो.