गप्प बसलेली झडप

मित्रांनो, सान पेद्रोजवळच्या साखर कारखान्यात बॉयलरच्या डोक्यावर बसलेली मी एक जुनी पितळी झडप आहे. आत वाफ फार कोंडली की आपण होऊन उघडायचे आणि ती बाहेर सोडायची, एवढेच माझे काम. मी उघडले नाही, तर बॉयलर फुटतो.

तरुणपणी मी खणखणीत किंचाळत असे. ओढ्यावर धुणे धुणाऱ्या बायका दचकून छातीवर क्रूस काढत आणि मग स्वतःलाच हसत. बॉयलरवाला फेर्मिन मला ‘माझी राणी’ म्हणे. गळीत हंगामाआधी पाद्रीबाबा बॉयलरला आशीर्वाद द्यायला येत. त्या दिवशी मी उजळ दिसावे म्हणून फेर्मिन दरवर्षी स्वतःच्या हाताने मला चंदेरी रंग देई. लोक कौतुक करत. रंगावर रंग चढला, मला ओढून उघडायची दांडी त्यात जखडली. पुढे वाफ बेताचीच ठेवू लागले. माझी गरज पडेना, त्यामुळे मी मुकी झाले हे कोणाला कळलेच नाही. मला मात्र ठाऊक होते. खाली भट्टी पेटली की मला कापरे भरे.

गेल्या हंगामाआधी चाचणीसाठी भट्टी नेहमीपेक्षा जोरात पेटवली होती. नव्या इंजिनीअर ओतिलियाने माणसे बॉयलरपाशी जमवली आणि प्रत्येक यंत्राच्या नावाचा डबा मांडला. ज्याची भीती जास्त, त्याच्या डब्यात जास्त राजमा टाकायचा. रसाच्या पंपाचा डबा ओसंडला. माझा रिकामाच राहिला.

“फेर्मिनकाका, झडपेला एकही दाणा नाही?”

“माझ्या राणीला? अगं पोरी, इतक्या वर्षांत ती एकदा तरी बिघडली का? तो पंप बघ, सासूसारखा रोज रुसतो!”

सगळे खदाखदा हसले.

“पंप रुसला तर साखर थांबेल, काका. ही रुसली तर?”

“तर आपण कोणी उरणार नाही.”

“आणि ती रुसलीय हे आधी कळणार कसं?”

“ओरडायची बंद होईल की!”

“मग शेवटची कधी ओरडली?”

फेर्मिनचे हसू मावळले.

वाफेच्या दाबाचा काटा चढतच होता. वाफ खालून ढुशा देत होती. फेर्मिन शिडीवरून वर आला आणि त्याने माझी दांडी ओढली. मी जीव खाऊन जोर लावला. तसूभरही हलले नाही. त्याचा घामेजलेला चेहरा माझ्या अगदी जवळ होता. बॉयलर फुटला असता, तर पहिला तोच गेला असता.

“चिपाडं टाकू नका! भट्टी विझवा, सगळे बाहेर व्हा!” ओतिलिया ओरडली. “काका, उतरा खाली!”

तो उतरेना. “उघड गं बाई, उघड,” एवढेच पुटपुटत राहिला. अखेर तिने त्याच्या सदऱ्याला धरून त्याला खाली ओढले.

मग मी एकटीच उरले. तो काटा किती सावकाश उतरला म्हणून सांगू!

बॉयलर निवल्यावर फेर्मिनने मला काढून मांडीवर घेतले आणि रंगाचे पापुद्रे खरवडले.

आता माझा रंग गेला आहे, डाग दिसतात. पाद्रीबाबांनी नाकही मुरडले. पण भीती काही जात नाही, मित्रांनो. माझ्यासारख्या कितीतरी झडपा आज कुठे कुठे चकाकत, गप्प बसल्या असतील. त्यांना रंग देऊ नका, हार घालू नका. दांडी ओढून त्यांचा आवाज ऐका. किंचाळल्या, तर कानांवर हात ठेवा आणि हसा. गप्प राहिल्या, तर आधी आग विझवा.